पोटाचे ऑपरेशन : रुग्ण बरा होणे कशाकशावर अवलंबून असते?



"ऑपरेशन चांगले झाले होते, पण पुढे गुंतागुंत झाली." हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये वारंवार ऐकायला मिळते. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताचे खडे, गर्भपिशवी, सिझेरियन, आतड्याला पडलेले भोक, अशी पोटाची ऑपरेशने आज जवळजवळ प्रत्येक घरात कुणाची ना कुणाची झालेली असतात. बहुतेक जण बरे होऊन घरी येतात. काहींची जखम चिघळते, काहींचे टाके उसवतात, काही जण परत येत नाहीत. मग कुणी म्हणते डॉक्टरच्या हाताला गुण नव्हता, कुणी म्हणते वेळच वाईट होती, तर कुणी अंगारा-धुपारा आणायला निघते.

आपण बौद्ध आहोत. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा देऊन नवस आणि दैवाच्या फेऱ्यातून आपल्याला बाहेर काढले. हाच विचार ऑपरेशनलाही लागू करायला हवा. पोटाच्या ऑपरेशननंतर होणाऱ्या गुंतागुंतीला कारणे असतात. त्यातली काही शरीरात असतात, काही दवाखान्यात, काही आपल्या घरात आणि काही समाजव्यवस्थेत. सगळीच आपल्या हातात नसतात, पण बरीचशी असतात. ती कोणती, हे आपल्या तरुणांना आणि कार्यकर्त्यांना माहीत असावे म्हणून हा लेख.

जीवकाने केलेले पोटाचे ऑपरेशन

विनयपिटकातील महावग्गात वैद्य जीवकाची हकीकत आली आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकलेला हा वैद्य बुद्धांचा आणि भिक्खुसंघाचा उपचारक होता. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाला उड्या मारण्याच्या खेळात आतड्याला पीळ पडला. त्याला पेज पचेना, अन्न पचेना, शौच-लघवी नीट होईना. तो वाळून पिवळा पडला. जीवकाने लोकांना बाहेर काढले, पडदा लावला, मुलाला खांबाला बांधले आणि पोट उघडून पीळ पडलेले आतडे त्याच्या पत्नीला दाखवले. मग पीळ सोडवून आतडे परत आत ठेवले, पोट शिवले आणि लेप लावला. मुलगा बरा झाला.

भूल देण्याची आजची सोय नसलेल्या काळातली ही कथा आहे. पण जीवकाने काय केले ते नीट पाहा. आधी लक्षणे तपासून कारण शोधले. गर्दी हटवली. घरच्या माणसाला आजार काय आहे हे प्रत्यक्ष दाखवले. योग्य वेळी कारणावरच इलाज केला. आजचे शस्त्रक्रियाशास्त्र कितीतरी पुढे गेले असले तरी नेमके निदान, वेळ, स्वच्छता आणि नातेवाइकांशी स्पष्ट बोलणे यांची गरज आजही तितकीच आहे.

पोटाचे ऑपरेशन जोखमीचे का असते?

आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू असतात. ते आतड्यात आहेत तोवर बिघडत नाही. पण आतडे फुटले किंवा आतड्याचा जोड गळू लागला, तर तेच जंतू पोटाच्या पोकळीत पसरतात आणि तिथून रक्तात जातात. त्यामुळे स्वच्छ जागी केलेल्या हर्नियाच्या ऑपरेशनपेक्षा फुटलेल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये जखम चिघळण्याचा धोका बराच जास्त असतो. शिवाय पोट दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग फुप्फुसात कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

जगात ही जोखीम सर्वांना सारखी नाही. 66 देशांतील पचनसंस्थेच्या ऑपरेशनांचा एक मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. विकसित देशांत सुमारे 9 टक्के रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला होता, मध्यम विकसित देशांत 14 टक्के आणि मागास देशांत 23 टक्के. माणसाचे शरीर सगळीकडे सारखेच आहे. वेगळी आहे ती परिस्थिती. विषमता ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचते, ती अशी.

पहिले कारण : उशीर

गरिबाच्या पोटदुखीचा प्रवास आपल्या ओळखीचा आहे. आधी घरगुती उपाय, मग "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळणे, मग मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, मग गल्लीतले इंजेक्शन, मग खासगी दवाखाना आणि पैसे संपल्यावर सरकारी रुग्णालय. यात दोन-तीन दिवस सहज जातात. तेवढ्यात सुजलेले अपेंडिक्स फुटलेले असते.

जठराला किंवा आतड्याला भोक पडले असेल तर तासांचा हिशेब असतो. डेन्मार्कमध्ये अल्सर फुटलेल्या रुग्णांच्या अभ्यासात दिसले की, रुग्णालयात आल्यानंतर ऑपरेशनला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिराबरोबर जगण्याची शक्यता सुमारे 2.4 टक्क्यांनी घटत होती. आपल्याकडे तर रुग्णालयात पोहोचण्याआधीच कितीतरी तास गेलेले असतात.

अंगदुखीसाठी रोज उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेणारे आपले हमाल, बांधकाम मजूर, ऊसतोड कामगार यांना अल्सरचा धोका जास्त असतो. टायफॉइड अर्धवट उपचारांवर राहिला तर आतड्याला भोक पडू शकते.

पुढील लक्षणे दिसली तर थांबू नका : अचानक सुरू झालेली आणि वाढतच जाणारी पोटदुखी, लाकडासारखे कडक झालेले पोट, हिरव्या उलट्या, शौच आणि वारा दोन्ही बंद होऊन फुगलेले पोट, पोटदुखीबरोबर ताप, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच. अशा वेळी पोट चोळू नये, एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देऊ नये, काही खाऊ-पिऊ घालू नये. 108 ला फोन करावा आणि जिथे ऑपरेशनची सोय आहे अशाच ठिकाणी न्यावे.

दुसरे कारण : रुग्णाचे शरीर

ऑपरेशन म्हणजे शरीरावर पडलेला मोठा ताण. तो पेलायला शरीरात साठा लागतो.

*रक्त.* पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्तच कमी असेल तर ऑपरेशनमधला थोडा रक्तस्रावही भारी पडतो आणि जखम भरायला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. ठरवून करायचे ऑपरेशन असेल तर काही आठवडे आधी हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शनने ते वाढवता येते. सरकारी दवाखान्यात याला पैसे लागत नाहीत.

*सिकलसेल.* विदर्भात आदिवासी समाजाप्रमाणेच बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, प्राणवायू कमी पडणे, जंतुसंसर्ग यांमुळे झटका येतो आणि ऑपरेशनच्या काळात या चारही गोष्टी घडू शकतात. सिकलसेलच्या झटक्यातही पोट इतके दुखते की ते अपेंडिक्ससारखे वाटू शकते. उलट सिकलसेलच्या रुग्णांत पित्ताचे खडे जास्त होतात, त्यामुळे त्यांच्यावर ऑपरेशनची वेळही जास्त येते. म्हणून सिकलसेल आहे हे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ यांना आधी सांगणे अत्यंत गरजेचे आहे. तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै 2023 पासून सुरू आहे. लग्न मोडेल या भीतीने कार्ड लपवून ठेवणारी कुटुंबे आहेत. ही लाज सोडली पाहिजे, कारण ती जिवावर बेतू शकते.

*मधुमेह.* साखर जास्त असेल तर पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते आणि जखम चिघळते. ऑपरेशनच्या काळात साखर साधारण 180 च्या आत ठेवण्याचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. कधी थांबवायचे ते डॉक्टरांना विचारावे.

*तंबाखू.* बिडी-सिगारेटने फुप्फुसे खराब होतात, हे सर्वांना माहीत आहे. पण खर्रा, गुटखा, मिश्री यांचे काय? निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेकडे जाणारे रक्त कमी होते. त्याहून मोठी अडचण म्हणजे वर्षानुवर्षे खर्रा-गुटखा खाणाऱ्यांचे तोंड उघडेनासे होते. भूल देताना श्वासाची नळी तोंडातून घालावी लागते. तोंडच उघडत नसेल तर भूलतज्ज्ञासमोर मोठे संकट उभे राहते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे वस्तीतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी तंबाखू सोडली तर फायदा दिसतो.

*दारू.* रोज पिणारा माणूस रुग्णालयात भरती झाला की दारू अचानक बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो थरथरतो, बरळतो, सलाईनच्या नळ्या उपटतो. नातेवाइकांना वाटते, ऑपरेशनने डोक्यावर परिणाम झाला. ही दारू तुटल्याची लक्षणे असतात आणि ती जिवघेणी ठरू शकतात. डॉक्टरांना आधी सांगितले तर त्यावर औषध देता येते. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे. पण ज्याला ती पाळता आली नाही, त्याने निदान डॉक्टरांपासून लपवू नये.

*आहार.* जखम भरते ती प्रथिनांवर. अंडी, डाळी, दूध, मासे, शेंगदाणे यांपैकी जे परवडते ते ऑपरेशनच्या आधीचे काही आठवडे नियमित खावे. सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटले असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

तिसरे कारण : ऑपरेशन थिएटरमधील शिस्त

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची एक यादी तयार केली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी, अशा तीन टप्प्यांवर संपूर्ण चमूने मोठ्याने बोलून खात्री करायची : रुग्ण तोच आहे ना, ऑपरेशन तेच आहे ना, ॲलर्जी आहे का, रक्ताची सोय आहे का, चिऱ्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक दिले का, कापसाचे बोळे आणि हत्यारे मोजली का. दिल्लीसह जगातील आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आले. हे एका कागदाने आणि शिस्तीने झाले.

2022 मध्ये भारतासह सात देशांतील 13 हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोट शिवण्याआधी सर्जनच्या चमूने हातमोजे आणि हत्यारे बदलली, तर जखमेतील जंतुसंसर्ग 18.9 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आला. म्हणजे छोट्या सवयींनीही रुग्ण वाचतात. पण हातमोज्यांचा पुरवठाच नसेल, एका सिस्टरवर पन्नास खाटा असतील, तर ही शिस्त पाळणार कोण? सरकारी रुग्णालयातील रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा हा आपल्या आंदोलनांचा विषय व्हायला हवा. डॉक्टरवर हात उगारल्याने यातले काहीही सुधारत नाही.

चौथे कारण : ऑपरेशननंतरचे दिवस

अमेरिकेतील रुग्णालयांचा एक अभ्यास 2009 मध्ये गाजला. जास्त मृत्यू होणाऱ्या आणि कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. फरक होता तो गुंतागुंत झाल्यानंतर रुग्ण वाचण्यात. कमी मृत्यूच्या रुग्णालयांत मोठी गुंतागुंत झालेल्या 100 पैकी सुमारे 12 ते 13 रुग्ण दगावले, तर जास्त मृत्यूच्या रुग्णालयांत सुमारे 21. गुंतागुंत वेळेत ओळखणे आणि तातडीने हालचाल करणे, यावर जीव अवलंबून असतो.

आपल्या वॉर्डात रुग्णाजवळ चोवीस तास असते ते नातेवाईक. म्हणून त्यांना ही लक्षणे माहीत हवीत : कमी होण्याऐवजी वाढणारी पोटदुखी, ताप, थंडी वाजणे, नाडी किंवा श्वास जलद होणे, पोट फुगणे, लघवी कमी होणे, बरळणे, एका पायाला सूज, जखमेतून पू किंवा घाण वास. आतड्याचा जोड गळण्याची शक्यता पहिल्या आठवड्यात विशेष असते. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान जखमेतून अचानक गुलाबी पाणी येऊ लागले, तर आतले टाके सुटत असल्याची ती खूण असू शकते. यातले काहीही दिसले की लगेच सिस्टरला सांगावे, घरी असल्यास रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रुग्णाला लवकर बसवावे, चालवावे. जखमेवर उशी धरून खोकायला सांगावे, खोल श्वास घ्यायला लावावेत. जखमेवर हळद, राख, तेल काही लावू नये. वारा सरेपर्यंत चहा-पाणीही बंद, असे सरसकट नसते. काय द्यायचे ते डॉक्टरच सांगतील. पोट उघडून मोठे ऑपरेशन झाले असेल तर साधारण सहा आठवडे जड ओझे उचलू नये, नाहीतर टाक्यांच्या जागी हर्निया होण्याचा धोका वाढतो. पण ज्याचे पोट हातावर आहे, तो सहा आठवडे घरी कसा बसणार? हा प्रश्न वैद्यकीय नाही, सामाजिक आहे, आणि त्याचे उत्तर समाजाने द्यायचे आहे.

शुश्रूषा हा धम्म आहे

महावग्गातच पोटाच्या विकाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन-पुसून बिछान्यावर ठेवले. आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा आहे, अशा अर्थाचा उपदेश त्यांनी संघाला त्या वेळी केला.

त्याच ठिकाणी रुग्णाचे आणि सेवा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. रुग्णाने पथ्य पाळावे, हितकर गोष्टीतही प्रमाण ठेवावे, औषध घ्यावे, त्रास खरा सांगावा, दुखणे सोसावे. सेवा करणाऱ्याला औषधाची माहिती असावी, पथ्य-कुपथ्य कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये आणि रुग्णाला धम्माच्या बोलण्याने धीर द्यावा. आजच्या वॉर्डातही याहून चांगली यादी लागणार नाही.

ऑपरेशन गरजेचे आहे का, आणि पैशाचे काय?

न केलेल्या ऑपरेशनची गुंतागुंत होत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे समोर आले, तेव्हा 2019 मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर 2014 मध्ये एकाच शिबिरात 83 स्त्रियांची नसबंदी झाली आणि त्यानंतर 13 जणी दगावल्या. पुढे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. गरीब, दलित, आदिवासी स्त्रीचे शरीर स्वस्त समजले जाते, हे त्यामागचे कटू सत्य आहे. म्हणून तातडीची वेळ नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. ऑपरेशन का, केले नाही तर काय होईल, दुसरा उपाय आहे का, हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. समजल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.

पैशासाठी दागिने गहाण टाकण्याआधी योजना तपासा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अनेक पोटाची ऑपरेशने येतात. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी भेटा. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. जीव धोक्यात असेल तर अशा रुग्णालयाने अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता तातडीचे उपचार सुरू केले पाहिजेत.

विहार काय करू शकते?

आपल्या प्रत्येक विहारात पौर्णिमेला लोक जमतात. तिथे महिन्यातून एकदा बीपी, शुगर, हिमोग्लोबिन आणि विदर्भात सिकलसेलची तपासणी ठेवता येईल. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राशी बोलले तर हे होऊ शकते. वस्तीतील आशाताईंना त्यात सामील करून घ्यावे.

रक्तदानाचाही विचार करूया. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला आपण उत्साहाने शिबिरे घेतो. पण तांबड्या पेशी साधारण 35 ते 42 दिवसच टिकतात. एकाच आठवड्यात सगळ्यांनी रक्त दिले तर पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्तपेढी रिकामी होते. प्रत्येक विहाराने वर्षातला एक महिना वाटून घेतला तर वर्षभर रक्त मिळेल.

दोन-चार तरुणांनी रुग्णमित्र म्हणून तयार व्हावे. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, जुने रिपोर्ट एका पिशवीत कसे ठेवायचे, आरोग्यमित्राला काय विचारायचे, डिस्चार्ज कार्डावर काय लिहिले आहे, हे त्यांनी शिकून घ्यावे. आणि ऑपरेशन झालेल्या मजुराच्या घरी सहा आठवडे धान्य आणि अंडी पोहोचतील, एवढा निधी उभा करणे जयंतीच्या डीजेच्या खर्चापुढे काहीच नाही.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केले तर दुःख दूर होते. ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेल्या माणसासाठी या वाटेने जायचे असेल तर सुरुवात येत्या पौर्णिमेपासून करता येईल. आपल्या विहाराच्या बैठकीत हा विषय ठेवा, आणि कोण कोणती जबाबदारी घेणार ते त्याच दिवशी ठरवा.

सब्बे सत्ता सुखी होन्तु.